तापलेली बॅटरी

उष्णतेचें प्रकरण वर्गांत शिकवीत आम्हांस वीस वर्षें होत आलीं. तथापि त्यांतील एक पाठ आम्हांस आमच्या मातोश्रींकडून, आणि तोही मध्यरात्रीं, घ्यावा लागला. त्या शाळेंत कधीं गेल्या नाहींत.

समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें जांब समर्थ हेंच आमचेंही गांव. गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्ही तेथें होतों. धाकटे बंधू मोसंबीच्या बागेंत बॅटरीच्या पंपानें फवारणी करीत. एके दिवशीं तो पंप दुपारभर बांधावर उन्हांत राहिला. सायंकाळीं घरीं येतांच बंधूंनीं तो पत्र्याच्या खोलींत नेऊन चार्जिंगला लावला, व धूळ बसूं नये म्हणून वर एक गोधडी टाकली. वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नसल्यामुळें घाई करणें त्यांस भाग होतें. आमच्या देखत हें सारें झालें, आणि आम्ही, विज्ञानाचे पदवीधर, वर्तमानपत्र वाचीत बसलों! त्याच खोलींत आमचा आठ वर्षांचा पुतण्या झोंपला होता.

मध्यरात्रीं मातोश्रींनीं आम्हांस हलवून जागें केलें. "आरं, ऊठ बाबा. त्या डब्याला ताप भरलाय, हात ठरंना माझा." नातवाचें पांघरूण सारखें करावयास त्या गेल्या असतां, तापल्या मुलाच्या कपाळास लावावा तसा त्यांनीं सहज पंपास हात लावून पाहिला होता. आम्हीं प्रथम भिंतीवरील बटण बंद केलें. मातोश्रींनीं पोरास उचललें. खोलींत गोडसर, उग्र वास येत होता. पट्टा धरून पंप अंगणांत ओढीत नेला व उजाडेपर्यंत दूर बसून राहिलों. सकाळीं पाहतों तों बॅटरी फुगून तिची पेटी उकललेली.

कारण शोधतां दोष केवळ उन्हाचा नव्हता असें दिसून आलें. पंपाची मूळ बॅटरी शिशाची होती. ती निकामी झाल्यावर एका दुकानदारानें तिच्या जागीं लिथियमची बसविली. चार्जर मात्र जुनाच राहिला. या जातीचा एक घट ४.२ व्होल्टपर्यंतच भरावयाचा असतो, म्हणजे ओळीनें जोडलेले तीन घट १२.६ पर्यंत, शिशाच्या बॅटरीचा चार्जर तर १४ व्होल्टच्याही वर जातो. चांगल्या बॅटरींत हा पुरवठा वेळीं तोडणारें मंडल असतें, व डाळीच्या दाण्याएवढा एक उष्णतामापकही. आमच्या बॅटरींत या दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. अशा बॅटऱ्या ४५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या असतां चार्ज करूं नयेत असें बहुतेक उत्पादक सांगतात. मराठवाड्यांत मे महिन्यांत सावलींतच पारा चाळिशी ओलांडतो, आणि आम्हीं तर वर गोधडी घातली होती!

आंतील उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे दोन ध्रुवांमधील पातळ पडदा वितळतो, ते एकमेकांस भिडतात, व उष्णतेंतून आणखी उष्णता निर्माण होत जाते. मग बटण बंद करूनही कांहीं उपयोग होत नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें वसई येथें घरांत रात्रीं चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यांत भाजलेलें सात वर्षांचें मूल पुढें दगावलें. ही बातमी आम्हीं त्या वेळीं वाचली होती, वर्गांत सांगितलीही होती.

आतां पंप शेतांतून आला कीं तासभर सावलींत निवतो. मग ओसरीवर, उघड्या फरशीवर, माणसें जागीं असेपर्यंतच तो चार्ज होतो. बंधूंनीं बॅटरी व तिला जुळणारा चार्जर असे दोन्ही नवे आणले, आणि आतां भिण्याचें कारण नाहीं असें मातोश्रींस पुष्कळ समजाविलें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, व उठून चार्जरवर हात ठेवून पाहिला.