आमच्या घरातले तुकाराम

आमच्या आजोबांचं नाव तुकाराम. वरवंडात त्यांच्या वयाचे तुकाराम आळीत होते, वस्तीवर होते, बाजारातही भेटायचे. त्यामुळे एक तुकानाना, एक तुकाबापू, एक मळ्यातला तुका, अशी लोकांनीच वाटणी करून टाकलेली. आमचे आजोबा तुकाअण्णा. त्यांच्या पाठचे भाऊ ज्ञानोबा आणि नामदेव, बहीण मुक्ता. आम्ही चुलतभावंडं एकत्र जमलो की अजून या नावांवरूनच बोलणं सुरू होतं.

तेव्हा नाव शोधायला कुणी पुस्तक चाळत नसे. नावं पुणे-सोलापूर रस्त्यानं चालत घरापर्यंत येत. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघालेली तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत करत वरवंडच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडीला जाते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. वर्षातून एकदा देवच दाराशी मुक्काम करतो म्हटल्यावर पोराला दुसरं नाव कुठून आणायचं? वारीच्या आगेमागे जन्मला तर विचारायलाच नको. आत्यानं बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, की झालं.

तुकोबांच्या स्वतःच्या घरातही नावाचं वळण ठरलेलं होतं. वडील बोल्होबा, आजोबा कान्होबा. म्हणून तुकोबांच्या धाकट्या भावाचं नाव कान्होबा. नातवानं आजोबांचं नाव पुढे न्यायचं. आणि नाव आखडून ‘तुका’ म्हणण्यात कमीपणा कसला? त्यांनी स्वतःच्या अभंगांवर तेच तर कोरून ठेवलंय. आमच्या आजोबांना कुणी बांधावरून ‘ए तुका’ अशी हाक मारली, तरी ते तितक्याच मायेनं ‘ओ’ देत.

अडचण व्हायची ती आजीची. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हा तिच्या पिढीचा शिरस्ता. नवरा तुकाराम, आणि दारात पालखी तुकारामांची! ती ‘देहूची पालखी’ म्हणायची. मुक्कामाच्या दिवशी पहाटेपासून चुलीवर तवा असायचा. थोरल्या चुलत्या भाकरी थापायच्या, आजी भाजायची, आम्ही पोरं ओसरीवर टेकलेल्या वारकऱ्यांना पाणी नेऊन द्यायचो. अंगणात ज्ञानोबा-तुकारामांचा गजर सुरू झाला की आजी पदरानं हात पुसून दारात उभी राहायची. ‘ज्ञानोबा’ मोठ्यानं म्हणायची, ‘तुकाराम’ आलं की ओठ मिटून नुसती टाळी. आम्ही बारकी पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. आज त्या मिटलेल्या ओठांची आठवण आली की गलबलून येतं. ज्या नावावर तिची सगळी भक्ती होती, तेच तिला उच्चारता येत नव्हतं.

वडलांच्या पिढीत पांडुरंग, विठ्ठल, सोपान आले. आमच्या पिढीला रेडिओ आणि सिनेमाचं वारं लागलं. आम्ही संजय, राजेंद्र, अनिल, सुनील. आमची मुलं ओंकार, प्रतीक, अक्षय. वर्गात तुकाराम नावाचं पोर शोधून सापडेना. सिनेमात, नाटकात घरगड्याला किंवा हवालदाराला तुकाराम म्हणायची खोड लागली आणि शिकलेल्या आईबापांना ते नाव जुनाट वाटू लागलं, असं मला वाटतं. त्याचा मला राग येतो. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे मुंबई पोलीस दलातलेच होते. सरकारनं त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं. टीव्हीवर ते नाव ऐकलं तेव्हा आमच्या घरातले सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले होते.

नाव कागदावरून कसं सरकत जातं, हे आमच्या सातबाऱ्यावर दिसतं. आजोबांच्या वेळी ते पहिलं होतं. वडलांच्या वेळी मधे आलं, ‘पांडुरंग तुकाराम’. आमच्यापाशी आल्यावर मधे पांडुरंग बसले आणि तुकाराम उताऱ्यावरून उतरले. तलाठ्याकडून जुने फेरफार काढले, तरच आता आजोबा भेटतात.

परवा पुतण्याला मुलगा झाला. विशाखा नक्षत्र, दुसरं चरण, अक्षर आलं ‘तू’. आम्ही सगळे एकदम म्हणालो, तुकाराम! सूनबाईच्या मोबाइलवर तुषार, तुहिन अशी यादी तयार होती. मी हट्टानं बोललो, जरा जास्तच बोललो. ती शांतपणे म्हणाली, “काका, दाखल्यावर तुषार राहू दे, पण पाळण्यात तुकारामच ठेवू. तुम्ही त्याच नावानं हाक मारा की.” दाखल्यावरही तेच असावं, असं मला अजून वाटतं. पण बारशाला आत्यानं कानात तुकाराम सांगितलं, आणि सूनबाई त्याला दूध पाजताना मोठ्यानं ‘तुका, ए तुकोबा’ म्हणते. आजोळची माणसं तुषार म्हणतात, वरवंडात तो तुकाच आहे, आणि यंदा पालखी येईल तेव्हा त्याला पादुकांवर घालायचं ठरलंय.