पाण्यातली दौड

धावणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. तो तरुण असेल तर "किती वेळात?" आणि पन्नाशी उलटलेला असेल तर "कशासाठी?" पहिल्या प्रश्नाला माझ्यापाशी अभिमानाने सांगण्याजोगे उत्तर कधीच नव्हते. दुसऱ्यालाही नव्हते, पण पहाटे साडेपाचला विचारायला कोणी नसते, ही मोठी सोय होती.

यंदाच्या उन्हाळ्यात ती सोय मोडली. उजव्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर पडली आणि डॉक्टरांनी ६ आठवडे धावणे वर्ज्य केले. ६ आठवडे म्हणजे काही जन्मठेप नव्हे, हे मला कळत होते. पण ५८व्या वर्षी खाली ठेवलेली गोष्ट पुन्हा उचलता येतेच असे नाही. माझ्या वडिलांनी एका पावसाळ्यात सायकल पडवीत टेकवून ठेवली, उघडीप पडली की काढू म्हणून. पुढे तिच्या दांडीवर पंचे वाळत पडू लागले.

व्यायामाचे उपचार करणाऱ्या मुलीने माझा चेहरा वाचला असावा. "काका, धावणं बंद नाही. फक्त जमीन बंद," असे म्हणून तिने मला पोहण्याच्या तलावाकडे धाडले, तेही खोल टोकाला, कमरेला एक हलका, तरंगणारा पट्टा बांधून. पट्टा पाहून मला हसू आले. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून आम्हांला विहिरीत ढकलीत. त्या डब्याचाच हा शहरात शिकलेला नातू!

गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहायचे, तळाला पाय टेकू द्यायचा नाही, आणि किंचित पुढे झुकून, गुडघे उचलीत, कोपरे मागेपुढे करीत धावायचे. रस्त्यावर प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. इथे आदळायला जमीनच नाही. म्हणून हा आराम आहे असे मात्र कोणी समजू नये. पाण्याचा हिशेब चोख असतो. हातापायांचा वेग दुप्पट करा, ते सुमारे चौपट जोराने अडवते. शिवाय पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त हृदयाकडे सरकते, त्यामुळे तेवढ्याच कष्टाला नाडीचे ठोके मिनिटाला १०-१५ कमी पडतात. घड्याळ म्हणते, मजेत आहात. छाती म्हणते, कसली मजा! १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ६ आठवडे केवळ पाण्यात धावलेल्या सराईत धावपटूंचा दम टिकून राहिलेला आढळला. ६ आठवडे! तो आकडा मी ताईतासारखा जपला.

अवघड होते ते निराळेच. अर्धा तास जीव तोडून धावावे आणि समोरची निळी फरशी तिथल्या तिथेच असावी! काठावर पाय सोडून बसलेली एक चिमुरडी माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"आजोबा, तुम्ही बुडताय का?"

"नाही ग, धावतोय."

"कुठे?"

हा तिसरा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. "कुठेच नाही," मी म्हणालो, आणि म्हणताना जराही लाज वाटली नाही याचे मलाच नवल वाटले. रस्त्यावर दिव्याचा खांब, पूल, दूधकेंद्र असे काहीतरी पुढे असते आणि आपण त्याच्यासाठी धावतो असे वाटते. पाण्याने ते सारे काढून घेतले. उरले ते नुसते धावणे. आणि मला हवे होते ते तेवढेच.

शिडी चढून वर येताना पाणी एकेका पायरीवर माझे वजन मला परत करी. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी जमीनही परत केली. पहाटे बूट चढवले. टप्, टप्, टप्. पाण्यात हा आवाज नव्हता! मी अगदी सावकाश दूधकेंद्रापर्यंत गेलो.

"काय काका, इतके दिवस होतात कुठे?" पिशव्या मोजता मोजता तिथल्या पोराने विचारले.

"धावत होतो," मी म्हणालो, आणि वळलो.