गुलमंडीवर नंबर कुणाचा?

अनंत चतुर्दशीला आमच्या छत्रपती संभाजीनगरात (सासूबाईंच्या तोंडी अजून औरंगाबादच!) आलात, तर वेरूळ, पाणचक्की दुसऱ्या दिवशी ठेवा आणि गुलमंडी गाठा. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघते, शहागंज, सिटी चौक करीत गुलमंडीला येते. ढोल, ताशे, झांजा, लेझीम, सगळी पथकं इथं जीव तोडून खेळतात. जागा हवी तर लवकर जा, कानांत घालायला कापूस न्या.

आणि मग वाद सुरू होतो, सर्वांत सरस कोण?

मी अर्धवेळ शिक्षिका, त्यामुळे शाळेच्या लेझीम स्पर्धेत गुण द्यायला मला बसवतात. कागदावर रकाने असतात: ताल, रांग, गणवेश, जोश. रांग वाकडी झाली की दिसते. ठोका मागे पडला की कान सांगतो. पण जोशाला दहापैकी सात की आठ? समोर बसलेलीला रांगा दिसतात, कडेला बसलेलीला चेहरे. ढोलाला खेटून बसलं तर ताशा नीट ऐकूच येत नाही, आणि खरं तर ढोल चालतो ताशाच्या इशाऱ्यावर! पहिल्या पथकाला सगळेच हात राखून गुण देतात, पुढे कोण येणार ठाऊक नसतं ना. शेवटच्या वेळी पाठ मोडलेली. पहिली पुरणपोळी लागते तशी पाचवी लागते का हो?

दिल्लीतही हेच. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी परीक्षकांनी तिन्ही सैन्यदलांत नौदलाचं संचलन उत्तम ठरवलं, लोकांनी मतं दिली हवाई दलाला. चित्ररथात परीक्षकांची पसंती उत्तर प्रदेशाला, लोकांची आपल्या महाराष्ट्राला. पाहिलं सगळ्यांनी एकच. मला यात कुणीच खोटं वाटत नाही.

मात्र नुसता नंबर पुकारून मोकळं होणं मला पटत नाही. पथकातल्या मुली घरच्यांची समजूत काढून रोज संध्याकाळी सरावाला येतात, कमरेला ढोलाचे वळ उठतात. त्यांच्या हाती काय, तर "तिसरा"! म्हणून मी प्रत्येक संघाला त्याचे रकाने वाचून दाखवते. मागे एकीनं विचारलं, "बाई, रांगेला नऊ, मग जोशाला पाचच का?"

"अगं, तुम्ही सगळ्या खाली पायांकडेच बघत होतात."

"पण बाई, वर बघितलं असतं तर रांग चुकली असती ना!"