पोटखराब्यातला तुरा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक मोठा चमत्कारिक शब्द आढळतो: पोटखराबा. ज्या जमिनीत नांगर चालत नाही, पीक उभे राहत नाही, तिची नोंद या सदराखाली होते. माझे एक स्नेही जन्मभर महसूल खात्यात होते. त्यांच्या हिशेबी पृथ्वीचे दोनच भाग. एक लागवडीचा आणि दुसरा पोटखराब्याचा. माणसांचेही ते बहुधा असेच दोन भाग पाडीत असावेत. लेखनाचा धंदा करणाऱ्या माझी नोंद त्यांनी कोणत्या सदरात केली आहे, हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

या स्नेह्यांना घेऊन मी एका श्रावणात कासच्या पठारावर गेलो होतो. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. उंची चार हजार फुटांच्या आसपास. साडेआठशेहून अधिक जातींच्या फुलझाडांची येथे नोंद झालेली आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर या पठारालाही जागतिक वारशाचा मान मिळाला. तेव्हापासून भाद्रपद-आश्विनात येथे जत्रा लोटते. लोक कुमुदिनीचे तळे पाहतात, सीतेच्या आसवांचा निळा गालिचा पाहतात, छायाचित्रे काढतात आणि भाजलेले कणीस खात घाट उतरतात. त्यात गैर काही नाही. परंतु मला त्या दिवशी पाहायचे होते ते फूल गालिचा अंथरणारे नव्हते. ते एका डबक्यात होते.

डबके हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तळे म्हटले की घाट आला, पायऱ्या आल्या, काठी एखादे देऊळ आले. येथे यातले काही नव्हते. जांभ्याच्या कातळात एक उथळ खळगा, त्यात वीतभर पाणी, तळाशी बोटभर चिखल. आणि त्या पाण्यातून लांबट, अरुंद पानांच्या सोबतीने वर आलेले दांडे. प्रत्येक दांड्याच्या टोकाशी दोन फांद्या फुटलेल्या, आणि त्या फांद्यांवर बारीक बारीक गुलाबी-जांभळी फुले दाटीने बसलेली. रोमन लिपीतले ‘वाय’ हे अक्षर कोणी पाण्यात उभे करून ठेवावे, तसा तो तुरा दिसतो. म्हणूनच त्याचे नाव वायतुरा. शास्त्रज्ञ त्याला ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस म्हणतात. सातारकरांनी अभिमान बाळगावा अशा गोष्टींत कंदी पेढ्यांच्या शेजारी या नावाला जागा द्यायला हरकत नाही.

नवलाची गोष्ट अशी की, शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद झाली ती १९८०च्या दशकाच्या आरंभी. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन परत आला, त्यानंतर दहाबारा वर्षांनी आपल्याला आपल्या डोक्यावरच्या डबक्यातले फूल सापडले! तोवर ते फुलत नव्हते असे थोडेच? वर्षानुवर्षे गुराखी त्याच्या कडेने गेले असतील, गुरांनी त्याच्या शेजारचे पाणी प्यायले असेल. आम्ही वाकून पाहत होतो तेव्हा गुरे हाकीत निघालेले एक म्हातारबाबा थबकले.

“काय हरवलं का काय, पाव्हनं?”

“नाही बाबा, हे फूल पाहतोय.”

“त्ये व्हय! पान्यातलं गवात हाय त्ये,” असे म्हणून ते हसले आणि धुक्यात दिसेनासे झाले. त्यांचे हसणे मला मुळीच बोचले नाही. पाऊस येतो तसे ते तुरेही दरवर्षी येणारच, हा त्यांचा भरवसा त्या हसण्यात होता. तो भरवसाच आता थोडा डळमळू लागला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरची मोजकी पठारे सोडली, तर हे फूल साऱ्या जगात कुठे नाही. आणि धोक्यात आलेल्या वनस्पतींत त्याची गणना होते.

माझे स्नेही सहृदय माणूस. हे ऐकून ते गंभीर झाले आणि लगेच उपाय सुचवू लागले. “अहो, एवढी जागा उघडी पडली आहे, चार झाडे लावून टाका. सावली होईल.”

मी म्हटले, “सावली झाली की हे संपले. याला उघडे आकाशच हवे.”

“मग हा खळगा खोदून चांगले तळे करा. बारा महिने पाणी राहील.”

“बारा महिने पाणी राहिले की बारमाही पाण्यातली दांडगी मंडळी येतील. लव्हाळे येईल, पाणकणीस येईल. त्यांच्या गर्दीत हा बिचारा कुठे उभा राहणार?”

“निदान कुंपण तरी घाला!”

आता कुंपणाची गोष्ट तर कासला घडूनच गेली आहे. गर्दी आवरावी म्हणून तेथे तारेचे कुंपण उभे राहिले. माणसांबरोबर गुरेही अडली. गुरांचे तोंड फिरेनासे झाले तसे गवत माजू लागले आणि बुटक्या फुलांना दडपू लागले, असे गावकरी सांगू लागले, जाणकारांनीही सांगितले. शेवटी घातलेले कुंपण काढावे लागले. म्हणजे ज्यांना आपण फुलांचे वैरी समजत होतो, त्या म्हशी एका परीने माळ्याचेच काम करीत होत्या!

स्नेही गप्प झाले. मलाही पुढे काही बोलवेना. कारण त्यांचे तिन्ही उपाय मायेचे होते. आपल्या मायेची हीच एक खोड आहे. ज्याच्यावर जीव जडतो, त्याला आपण आपल्यासारखे करू पाहतो. आपल्याला सावली हवी, म्हणून फुलालाही हवी. आपल्या घरी बाराही महिने नळाला पाणी असावे, म्हणून त्याच्याही घरी असावे. पण वायतुऱ्याचे घर म्हणजे नुसते पाणी नव्हे. ज्येष्ठात पहिल्या सरी पडतात, खळगा भरतो, चिखलातला कंद जागा होतो. श्रावण-भाद्रपदात तुरे डोलतात. पुढे पाणी आटते, पाने जातात, आणि कंद तळच्या मातीत झोपी जातो. चैत्र-वैशाखात तेथे तापलेला कातळ आणि तडे गेलेली माती यांपलीकडे काही नसते. ते ‘काही नसणे’ हासुद्धा त्याच्या घराचाच एक भाग आहे. आठ महिन्यांचा तो कोरडेपणा काढून घ्या, की चार महिन्यांचे फूलही गेलेच.

आणि संकट नेमके येते ते या कोरड्या महिन्यांत. फूल दिसत असते तेव्हा निदान दहा माणसे ‘पाय सांभाळा’ म्हणतात. उन्हाळ्यात त्या खळग्यावरून गाडी नेली, त्यात राडारोडा ओतला, तर म्हणणारे कोण? सह्याद्रीच्या सड्यांवर कुठे बॉक्साइटसाठी जांभा खणला गेला, कुठे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर रस्ते आले. त्या त्या गोष्टींची गरज मी नाकारीत नाही. माझ्या घरातला दिवाही विजेवरच लागतो. पण जागा निवडताना प्रत्येक वेळी कोणीतरी कागद उघडतो, पोटखराबा हा शब्द वाचतो आणि निर्धास्त होतो. येथे काही नाही, असे त्याला तो शब्द सांगतो. फूल मरते ते कुदळीने, हे खरे. पण कुदळीला वाट दाखवितो तो हा शब्द.

घाट उतरताना स्नेह्यांनी बऱ्याच वेळाने तोंड उघडले. म्हणाले, “सदर बदलता येत नाही हो. फार तर शेरा मारता येईल.”

“काय शेरा माराल?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “‘वहिवाट: वायतुरा. पूर्वापार.’”

महसूल खात्यातल्या माणसाच्या तोंडून याहून मोठे काव्य मी ऐकलेले नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दाराशी रांगोळी असेल, आकाशकंदील लागला असेल. त्या वेळी कासच्या त्या खळग्यातले पाणी ओसरत आलेले असेल आणि तुऱ्यांचा मागमूसही उरलेला नसेल. कोणी तिकडे गेलेच, तर त्याला एक ओला, रिकामा खड्डा दिसेल. कृपा करून त्याला रिकामा म्हणू नका. आत कोणीतरी निजले आहे.