टाकीवरचा काटा

२००१ सालचा उन्हाळा. कोल्हापुरात दसरा चौकाच्या सिग्नलला मी आप्पांच्या एम-८०वर उभा होतो, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन. शेजारी एक गाडी येऊन थांबली. वरच्या माणसाने दोन्ही तळपाय सपाट रस्त्यावर टेकवले आणि तो पाठ सरळ, हात सैल ठेवून बसून राहिला. संध्याकाळी अंगणात आरामखुर्ची टाकून बसावं तसा. कावासाकी बजाज एलिमिनेटर. सिग्नल सुटला, ती गेली, आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा कुठे मी गिअर टाकला.

तेव्हा गाडी म्हणजे घरातलं कमावतं माणूस. घेताना प्रश्न एकच, एव्हरेज किती देते? स्प्लेंडर आणि बॉक्सर त्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायच्या. सीट लांब, कारण तिघं बसायची. मागे कॅरिअर, कारण पेंडीचं पोतं यायचं. आमची एम-८० तर आप्पांनी अशी वापरली की तिच्या रंगाबद्दल घरात कधी कुणी बोललंच नाही. तीही बजाजची आणि एलिमिनेटरही बजाजची, याचं मला फार नवल वाटायचं.

एलिमिनेटरचं इंजिन १७५ सीसीचं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांपुढे ते लहानच, पण स्प्लेंडरच्या रांगेत ही ऐसपैस दिसायची. थेंबासारखी टाकी, पुढे गोल फुगलेली आणि सीटकडे निमुळती होत गेलेली. पुढचा चिमटा तिरका, चाक लांब पुढे. हँडल उंच आणि मागे वळलेलं, फुटरेस्ट पुढे सरकवलेले, त्यामुळे गुडघे मोकळे. मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान आणि जाड. सगळी रेष मागे उतरत येते आणि बसणाऱ्याच्या कमरेशी थांबते. हा घाट मूळचा अमेरिकेतला, लांब सरळ रस्त्यांचा. १९८०च्या दशकात जपानी कंपन्यांनी तो आपलासा केला आणि कावासाकीमार्फत तो आकुर्डीच्या बजाजकडे आला. त्या रेषेला घाई नाही, आणि मला भुलवलं ते यानेच. आमच्या घरात घाई नसलेली एकही वस्तू नव्हती.

घेणं शक्यच नव्हतं. २००५ साली तोच घाट अव्हेंजर नावाने आला, आत पल्सरचं १८० सीसीचं इंजिन. पुढे २०० झाली, २०१० साली २२०. एव्हाना मी नोकरीला लागलो होतो, लग्न, घराचे हप्ते, मग मुलीची शाळा. प्रत्येक वेळी शोरूमच्या काचेतून पाहिली आणि पुढे गेलो. त्याचं दुःख केलं नाही, पण विसरलोही नाही.

गेल्या दिवाळीनंतर घेतली. २०१२ची अव्हेंजर २२०, काळी, एमएच-०९ पासिंग, एकाच मालकाने वापरलेली, ३५ हजारांत. आरसीची मुदत २०२७ पर्यंत. उद्यमनगरातल्या मिस्त्रीने आधी थंड असतानाच स्टार्ट करून इंजिन ऐकलं, मग चेन हाताने वरखाली करून म्हणाला, "चेनसेट बदला मालक, बाकी गाडीनं काय खाल्लेलं न्हाई." दोन प्लग, ऑइल कूलर, कार्बोरेटर, सगळं उघड्यावर, बोट लावून दाखवता येईल असं.

क्रोमबद्दल मात्र मी अडून बसलो. सायलेन्सरवर, लेगगार्डवर बारीक तपकिरी ठिपके होते, पावसाळ्यांनी सोडलेले. उद्यमनगरात धातूचं कुठलंही काम होतं. नव्याने चढवून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. खोबरेल तेलाच्या फडक्याने रोज सकाळी पुसतो. हेडलाइटच्या वाटीच्या डाव्या कडेला क्रोम इतकं झिजलंय की खालचा थर दिसतो. आधीचा मालक तिथे हात ठेवून गाडी ढकलत असणार. नव्या गाडीत ही जागा मिळाली नसती. शोरूममधली चकाकी लांबून पाहायची असते, ही हाताखालची आहे.

आज अशा बैठकीच्या गाड्या पुष्कळ आहेत. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ साली आली, २०२०मध्ये तिची जागा मिटिऑरने घेतली, आणि मिटिऑर चालवायला खरोखर सुंदर आहे. पण मला वाटतं, त्या काळी एलिमिनेटर रस्त्यावर वेगळी उठून दिसायची ती भोवतीच्या गर्दीमुळे. आज सिग्नलला पन्नास तऱ्हेच्या गाड्या असतात, टोकदार, पुढे झुकलेल्या, स्क्रीनवर नकाशे दाखवणाऱ्या. माझ्या गाडीकडे कुणी वळून पाहत नाही. मला ते बरंच वाटतं. दोन्ही पाय टेकवून शांत उभं राहता येतं.

वळणावर ती जड आहे. दोन चाकांत जवळपास दीड मीटर अंतर, त्यामुळे पन्हाळ्याच्या घाटात तिला आधीपासून सांगावं लागतं, एकदम वळवून चालत नाही. महामार्गावर मात्र किणीचा टोल नाका मागे पडला की हँडल नुसतं धरून ठेवायचं.

आप्पा आता ७६ वर्षांचे. गुडघ्यामुळे स्कूटरवरही बसता येत नव्हतं. हिची सीट पाऊण मीटरपेक्षा खाली, मागे टेकायला पाठ. पहिल्या दिवशी त्यांनी ती पाठ दोनदा दाबून पाहिली, मग बसले. रंकाळ्याला चक्कर मारली. टॉवरपाशी थांबल्यावर टाकीवरचा पेट्रोलचा काटा मी बोटाने टिचकावला. तो अर्ध्यावरच अडकलेला असतो. आप्पा उतरले, टाकीचं झाकण उघडायला सांगितलं, हँडल धरून गाडी डावी-उजवी हलवली आणि कान जवळ नेला. एम-८०ला रोज पहाटे करायचे, अगदी तसं.

"दोन लिटर असंल," म्हणाले. "पन्हाळा करून येतंय. चल."