पाटाच्या पाण्याचे माहेर

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले आणि पहाटे गोधडी सोडवेनाशी झाली, की मराठी माणसाला नेमकी घर सोडण्याची हुक्की येते. कुणी देवाला निघतो, कुणी सासुरवाडीला. आमच्या घरी यंदा ठराव झाला तो भंडारदऱ्याचा. आणि तोही विश्रामगृहातल्या खोलीचा नव्हे, तर तलावाकाठी तंबू ठोकून, हाताने रांधून दोन रात्री काढण्याचा.

ठराव मांडला चिरंजीवांनी. अनुमोदन मात्र अगदी अनपेक्षित कोपऱ्यातून आले. आमचे आबा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, "मी येणार. जन्मभर ज्या पाण्यावर ऊस काढला, ते निघतं कुठून, एकदा बघून घेतो."

आमचे गाव प्रवरेच्या डाव्या कालव्यावरचे. सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाटकऱ्याची मनधरणी करायची आणि पाळी रात्री दोनला आली तर दोनला कंदील घेऊन बारे द्यायला जायचे, यात आबांचे आयुष्य गेले. पंधरा ऑगस्टच्या आत भंडारदरा भरल्याची बातमी आली की सगळ्या गावाचा जीव भांड्यात पडे. पण ते भांडे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस गावात विरळाच.

रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा शेंडी गावाजवळ अडवली आहे. काम १९१० साली सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. दगडी भिंतीची उंची सुमारे २७० फूट, साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. धरणाला गव्हर्नर विल्सनचे नाव मिळाले, तलावाला आर्थर हिलचे. लोकांनी मात्र दोन्ही नावे बाजूला सारून भंडारदराच म्हटले. इथून सुटलेले पाणी रंध्याच्या कड्यावरून उडी घेते, अकोले ओलांडते आणि संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यापाशी दोन कालव्यांत वाटले जाते. १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच्या मुळाशी हेच पाणी.

आता बेताचा तपशील. मुंबईकरांनी इगतपुरी किंवा घोटीवरून यावे, आम्ही संगमनेर-अकोल्यावरून जाणार. दिवस त्रिपुरी पौर्णिमेचे धरले आहेत. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच वर येतो, त्यामुळे बॅटरीचे काम निम्म्याने कमी होते. शिवाय कार्तिकात तलाव बहुधा भरलेला असतो. पुढे शेतीसाठी आवर्तने सुटू लागली की पाणी खाली खाली सरकते आणि उन्हाळ्यात काठाला भेगाळलेला गाळ उरतो.

तंबूची जागा पाण्यापासून बरीच वर, पण ओढ्याच्या वाटेत नव्हे. खाली जाड ताडपत्री, वर दुसरे कापड. कारण पाऊस नसला तरी दव पडते आणि पहाटे तंबू आतून पाझरू लागतो. प्रत्येकी दोन घोंगड्या, कानटोपी, दोरी, काडेपेटी मेणकापडात. तलावाचा काठ एकाएकी खोल होतो, म्हणून पोहण्याचा विषय चिरंजीवांच्या यादीतून मी पहिल्याच बैठकीत खोडला. जवळचे डोंगर १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतात. तेव्हा वनखात्याला आणि गावाला विचारल्याशिवाय मेख ठोकायची नाही, ओले लाकूड तोडायचे नाही. स्टोव्ह बरोबर न्यायचा, म्हणजे जाळाचा प्रश्नच मिटला.

आयते तंबूही तिथे मिळतात, गाद्यांसकट. पण काही ठिकाणी रात्री ध्वनिक्षेपकही आयताच मिळतो. तो नको म्हणून हा सारा खटाटोप.

चिरंजीवांना कळसूबाई हवी आहे. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. ते पहाटे बारी गावातून चढतील. सौभाग्यवतींना रतनवाडीचे अमृतेश्वराचे कोरीव देऊळ पाहायचे आहे. आबांना फक्त भिंत पाहायची आहे.

अडचण होती ती आबांच्या झोपण्याची. डॉक्टरांनी थंडी जपायला सांगितले आहे. शेंडीत एखाद्या घरी त्यांची सोय करावी, असे मी सुचवताच ते उसळले, "पौषात गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, तेव्हा कोण आलं होतं मफलर घेऊन?" याला उत्तर नव्हते. तडजोड एवढीच झाली, की पहिली रात्र काठावर, सर्वांबरोबर. सकाळी खोकला वाढलेला दिसला तर दुसरी रात्र छपराखाली. निर्णय सौभाग्यवतींचा आणि तो अंतिम.

शिधा काय न्यावा यावर मात्र आबांनीच सर्वांना गप्प केले. डाळ-तांदूळ बांधायला काढले, तेव्हा मी सहज सांगितले, की धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळी आणि ठाकर लोकांच्या वाड्यांवर, उन्हाळ्यात बायकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. धरण उशाशी आणि कोरड घशाशी ही म्हण वर्गात मी कितीदा समजावून दिली असेल! आबांना ती समजावून द्यावी लागली नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पिशव्या रिकाम्याच घ्या."

तांदूळ तिथला, नागलीचे पीठ तिथले, आणि एक वेळचे जेवण एखाद्या घरी सांगून, मागतील तो मोबदला देऊन. पिठले आणि नागलीची भाकरी यापरते चांदण्यात दुसरे काय हवे? परतताना कचरा मात्र आपल्याच पिशव्यांतून घरी आणायचा.

यादी आता पुरी झाली आहे. तिच्या तळाशी आबांनी आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली आहे: नारळ एक, ओटीचा खण एक. नदीसाठी की त्या वाडीवरल्या बाईसाठी, हे विचारायचे मला धाडस झाले नाही. सौभाग्यवतींनी विचारले नाही. त्यांनी दोन नारळ आणि दोन खण आणून ठेवले आहेत.