न केलेली काशीयात्रा

या मासिकाच्या वाचकांनी हिमालयापासून रामेश्वरापर्यंतची पुष्कळ प्रवासवर्णने वाचली असतील. आज आम्ही जे सादर करीत आहो, ते न केलेल्या प्रवासाचे वर्णन होय. तिकिटे काढली होती, सामान बांधले होते, वाटेवरच्या फराळाचे जिन्नसही ठरले होते. आणि गाडी मात्र आमच्यावाचून निघून गेली. अशा प्रवासात पाहिले तरी काय, असे कोणी विचारील. आम्ही आरक्षण कचेरीची एक खिडकी पाहिली. तिच्यापुढे उभे राहून जे उमगले, ते घरोघरी उपयोगी पडण्याजोगे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रसंग डिसेंबर २०१८ चा. आमचे वडील बंधू, ज्यांस घरातील लहानथोर सर्व दादा म्हणत, ते टपालखात्यातून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर. काशीस जावे ही त्यांची फार दिवसांची इच्छा. आमच्या वडिलांची ती मनातच राहिली, निदान आपली तरी राहू नये, असे ते म्हणत. दादा, वहिनी, आम्ही आणि आमच्या सौ. अशा चौघांनी निघण्याचे ठरले. त्या वेळी १२० दिवस आधी आरक्षण मिळत असे. ही मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांची झाली. दादांनी ऑगस्टातच आम्हांस भल्या सकाळी रांगेत उभे केले आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गाच्या चार जागा एकाच तिकिटावर मिळविल्या. ज्येष्ठांची भाडेसवलत तेव्हा चालू होती. ती २०२० च्या मार्चात बंद झाली.

पुढील चार महिने दादांनी काशीयात्रा घरबसल्या केली. वेळापत्रकाचे पुस्तक मांडीवर घेऊन ते बसत आणि मुलांना मार्ग सांगत. रात्री कसाऱ्याचा घाट चढावयाचा. भुसावळ सोडले की तापी. मग खांडवा, इटारसी. जबलपूरच्या अलीकडे नर्मदा ओलांडावयाची. पुढे सतना, माणिकपूर, मिर्झापूर, चुनार. आणि जुने मोगलसराय, ज्याचे नाव त्याच वर्षी पंडित दीनदयाळ उपाध्याय असे झाले होते. तेथून गाडी वळली की गंगेवरील १८८७ चा मोठा पूल. पूर्वी तो लॉर्ड डफरिनच्या नावाने ओळखला जाई, पुढे पंडित मालवीयांचे नाव त्यास मिळाले. त्या पुलावरून जाताना डाव्या हातास चंद्रकोरीसारखी वळलेली घाटांची रांग दिसते. अहल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारलेले विश्वेश्वराचे देऊळ त्या रांगेमागच्या दाटीत आहे. दादांना एकच चिंता होती. गाडी उजाडण्यापूर्वी पोहोचणार. मग काळोखात गंगा दिसावी कशी?

गाडी शुक्रवारी रात्री ११ वाजता निघावयाची होती. सोमवारी दादांस ताप आला. मंगळवारी खोकला वाढला. बुधवारी त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे पुतणे, हलक्या आवाजात म्हणाले, “काका, आज रात्री ११ पूर्वी तिकिटे रद्द केली, तर फार थोडे कापून बाकीचे परत मिळेल. उद्यावर ढकलू नका.”

पुतण्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. रेल्वेचे परताव्याचे नियम २०१५ च्या नोव्हेंबरात नव्याने लागू झाले होते. त्यांप्रमाणे निश्चित झालेली जागा गाडी सुटण्याच्या ४८ तासांपेक्षा अधिक आधी सोडली, तर आमच्या वर्गास माणशी १८० रुपये आणि त्यावरील कर एवढेच कापत. साध्या शयनयानास १२० रुपये. ४८ तासांपासून १२ तासांपर्यंत भाड्याचा चतुर्थांश कापला जाई, १२ तासांपासून ४ तासांपर्यंत निम्मे भाडे जाई, आणि ४ तासांच्या आत हाती काहीच येत नसे. परंतु आम्ही पुतण्यांवर रागावलो. डॉक्टर औषध देत होते, ताप थोडा उतरला होता. अशा वेळी तिकीट रद्द करावयाचे म्हणजे दादा बरे होणार नाहीत असे आपणच लिहून देण्यासारखे नव्हे काय? बुधवारचे ११ वाजले आणि तिकीट आमच्या पेटीतच राहिले.

गुरुवारी दादांनीच नवा मार्ग काढला. ते म्हणाले, “मी आणि तुझ्या वहिनी राहतो. आमच्या जागांवर मुले घेऊन जा.” रेल्वेच्या कायद्यात अशी सोय खरोखरच आहे. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज केल्यास आपली जागा कुटुंबातील दुसऱ्या माणसाच्या नावे करून मिळते. मात्र कुटुंब कोणास म्हणावे, हे तेथे मोजून सांगितले आहे: वडील, आई, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती आणि पत्नी. हे आठ सोडून नववे नाते नाही. दादांच्या जागेवर त्यांचे चिरंजीव चालले असते; परंतु वहिनींच्या जागेवर धाकट्या सूनबाईंना नेऊ म्हटले तर नियम आडवा येत होता. जी सून सासूबाईंचे पथ्यपाणी पाहते, जो नातू आजोबांचा हात धरून देवळात नेतो, जो पुतण्या काकांच्या आधी दवाखान्यात धावतो, त्यांपैकी कोणीही या गणनेत बसत नाही. एकत्र कुटुंबातील वाचकांनी ही गोष्ट तिकीट काढतानाच ध्यानात ठेवावी. आमच्यापुरता हा प्रश्न लवकरच मिटला. चिरंजीव वडिलांस सोडून जाण्यास तयार झाले नाहीत.

शुक्रवारी पहाटे दादांस धाप लागली आणि त्यांना इस्पितळात न्यावे लागले. फुप्फुसात सूज होती. सकाळचे ११ केव्हा वाजून गेले, हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. दुपारी साडेतीनच्या सुमारास नाकाशी प्राणवायूची नळी असलेल्या दादांनी आम्हांस हाताने जवळ बोलाविले.

“तिकिटे?”

घरी आहेत, असे आम्ही सांगितले.

“सातनंतर खिडकीवर जाऊन उपयोग नाही. आत्ताच जा.” थोडा दम घेऊन ते पुन्हा म्हणाले, “अरे, यादीत चार माणसे ताटकळत असतील. आपण जागा अडवून काय करणार?”

आम्ही घरी जाऊन पेटीतून तिकीट काढले आणि स्थानकाची वाट धरली. आरक्षणाची कचेरी फलाटाच्या बाहेर, एका लांबट दालनात. भिंतीशी दोन बाकडी, मध्ये उंच लिहिण्याचे मेज, त्यावर दोरीने बांधलेली लेखणी. जागा मागण्याचा आणि जागा सोडण्याचा कागद एकच असतो, हे आम्ही प्रथमच नीट पाहिले. ऑगस्टात याच मेजावर, अशाच कागदावर दादांनी आपल्या वळणदार अक्षरात चार नावे लिहिली होती. आता तीच चार नावे, तीच वये आम्ही लिहू लागलो. त्या कागदावर कारणाचा रकाना नाही. लग्न मोडले, परीक्षा पुढे गेली, की घरातील वडीलधारे माणूस अंथरुणास खिळले, हे रेल्वे विचारीत नाही. प्रथम ते आम्हांस रुक्ष वाटले. मग वाटले, बरेच झाले. ते लिहावे लागले असते तर आमचा हात चालला नसता.

रांगेत आमच्या पुढे एक तरुण उभा होता. मिर्झापुराकडील राहणारा, येथे सुतारकाम करणारा. बहिणीच्या लग्नासाठी आईला घेऊन आमच्याच गाडीने निघालेला. परंतु तिकीट प्रतीक्षायादीतले. जागा मिळेल काय, एवढेच तो विचारीत होता. कारकून म्हणाले, “तक्ता लागेपर्यंत थांबा. कोणी सोडली तर मिळेल.” तो बाजूस झाला आणि आम्ही तिकीट आत सरकविले.

“चौघांचेही रद्द करावयाचे?” कारकुनांनी विचारले. एका तिकिटावरील काही जागा सोडून उरलेल्यांचे नवे तिकीट घेता येते, म्हणून त्यांस विचारणे भाग होते. आम्ही होकार दिला. यंत्रातून एक पावती निघाली, आणि भाड्याचे निम्मे पैसे हातावर पडले. चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. त्या चार जागा कोणाच्या वाट्यास गेल्या ते आम्हांस कळले नाही. तो तरुण मात्र बाकड्यावर आईशेजारी बसून खिडकीकडे पाहत होता, एवढे आम्ही पाहिले.

परत येताना आम्हांस नारदस्मृतीतील क्रीतानुशयाचे प्रकरण आठवले. घेतलेल्या वस्तूचा पश्चात्ताप झाला तर ती परत कशी करावी, याचा निर्णय आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. मनूने दहा दिवसांची मुदत दिली. नारद अधिक बारकाईने सांगतो: वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर काही जात नाही, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, त्यानंतर ती वस्तू घेणाऱ्याचीच. रेल्वेच्या उतरंडीचे हे जणू पूर्वरूपच होय. भेद एवढाच की, नारदाचे घड्याळ खरेदीपासून पुढे चालते आणि रेल्वेचे घड्याळ गाडी सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजावे लागते. भांडे किंवा वस्त्र परत आले तर दुकानात राहते. गाडीतील जागा एकदा रिकामी गेली की कायमची फुकट जाते. म्हणून जो लवकर सोडील त्यास अधिक परत, कारण त्याच्या सोडण्याने दुसऱ्यास निघण्यापुरता अवधी मिळतो. आम्ही तीन दिवस त्या तासांकडे केवळ आपल्या नुकसानीचे माप म्हणून पाहत होतो. त्यात दुसऱ्याच्या सोयीचेही माप आहे, हे आजारी दादांनी आमच्या आधी ओळखले.

वाचकांच्या उपयोगासाठी त्याच नियमांतील आणखी चार गोष्टी येथे नमूद करतो. प्रतीक्षायादीचे तिकीट गाडी सुटण्यापूर्वी अर्ध्या तासापर्यंत परत केल्यास माणशी ६० रुपये कापून बाकीचे मिळत. आरक्षणाविना काढलेले त्याच दिवसाचे तिकीट ३ तासांच्या आत परत करावयाचे. कपात ३० रुपये. तत्काळ योजनेतील निश्चित तिकिटास परतावा नसे. गाडी ३ तासांहून अधिक उशिरा असून आपण गेलोच नाही, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तिकीट दिल्यास पूर्ण भाडे मिळे. आणि रेल्वेनेच गाडी रद्द केली, तर खिडकीवरील तिकिटास त्यासाठी ३ दिवसांची मुदत होती. खिडकीवर निकाल लागला नाही तर तिकीट जमा करून पावती घ्यावी आणि वरिष्ठांकडे अर्ज करावा. त्याही पलीकडे १९८९ पासून रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. भाड्याच्या परताव्याचे तंटे तेथे चालतात. हे आकडे आणि तास वेळोवेळी बदलत असतात. म्हणून तिकीट काढतानाच त्या वेळचा नियम विचारून तिकिटाबरोबर लिहून ठेवावा. घरात आजारपण आल्यावर नियम शोधण्यास कोणाचे मन स्थिर नसते.

इस्पितळात आम्ही पैसे आणि पावती दादांपुढे ठेवली. टपालखात्याच्या सवयीने त्यांनी नोटा मोजल्या.

“काल गेलो असतो तर पाऊण आले असते,” आम्ही म्हणालो.

“काल तू गेला नसतास,” दादा म्हणाले, “आणि मीही पाठविले नसते.”

त्या दुखण्यातून दादा उठले. परंतु लांबच्या प्रवासाचे बळ पुन्हा आले नाही. ते पैसे त्यांनी एका पाकिटात घालून त्यावर ‘काशी’ असे लिहिले आणि ते वेळापत्रकाच्या पुस्तकात ठेवून दिले. २०२१ च्या फेब्रुवारीत ते गेले.

पुढील वर्षी वहिनींनी ते पाकीट आमच्या हाती दिले. सवलत बंद झाली होती, भाडे वाढले होते. पाकिटातील पैशांत एकच तिकीट निघाले. ते आम्ही वहिनींचे काढले. आम्ही दोघे आणि त्या, अशा तिघांनी ती यात्रा केली. भुसावळ, इटारसी, नर्मदा, सारे दादांनी सांगितलेल्या क्रमाने आले. जबलपूरनंतर गाडी रेंगाळत गेली आणि अडीच तास मागे पडली. डब्यातील मंडळी कुरकुरत होती. आम्ही मात्र खिडकीतून पाहत होतो. कारण गाडी पुलावर आली, तेव्हा चांगले उजाडले होते. डाव्या हातास सारे घाट उन्हात स्पष्ट दिसत होते. वहिनींनी वेळापत्रकाचे पुस्तक मांडीवर घेतले होते. ते बाजूस न ठेवता त्यांनी हात जोडले.